न्यूझीलंडमध्ये मोटरहोम: फुकटच्या मुक्कामाचे चारशे डॉलर

निकाल आधी सांगून टाकतो, वृत्तांत मागाहून. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर भाड्याची मोटरहोम (चाकांवरचं घर) घेऊन निघणार असाल, तर "कुठेही गाडी लावा, रात्र काढा, खर्च शून्य" हे आधी डोक्यातून काढा. व्हिडिओवाले हेच सांगतात, गाडी देणारे हेच सांगतात आणि आमच्याकडून त्याचेच चारशे डॉलर गेले. (डॉलर म्हणजे तिथले. एक डॉलर ५० रुपयांच्या आसपास धरा आणि गुणाकार करून हळहळा.)

आम्ही चौघं: मी, बायको, मेहुणा आणि त्याची बायको. जानेवारी म्हणजे तिकडचा भर उन्हाळा आणि त्यांचीही सुट्टी. क्राइस्टचर्चहून गाडी उचलली, टेकापो, माउंट कुक, क्रॉमवेल, वानाका, हास्टची खिंड, पश्चिम किनाऱ्याने होकिटिका आणि आर्थर्स पासवरून परत. टेकापो आणि माउंट कुकबद्दल काही लिहीत नाही. सुंदर आहे, सगळ्यांनी लिहिलंय, फोटोही सगळ्यांचे सारखेच येतात.

गाडीच्या काउंटरवर आपल्याच देशातला एक मुलगा होता. चावी देताना काचेवरच्या हिरव्या कार्डावर बोट ठेवून म्हणाला, "भाईसाब, ग्रीन वॉरंट है. जहाँ बोर्ड ना हो, वहाँ लगाओ." आम्ही त्याला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं, त्याने तिन्ही वेळा तेच सांगितलं. मेहुण्याने तर त्याला आर्जवाने "पक्का ना?" असंही विचारलं. पक्का होता.

आता खरा प्रकार काय तो नीट समजून घ्या. हे हिरवं वॉरंट म्हणजे मुक्कामाचा परवाना नव्हे. ते गाडीची लायकी सांगतं, जागेबद्दल त्यात अक्षर नाही. उघड्यावर मुक्काम करण्याबाबतचा तिथला कायदा २०११ चा. २०२३ मध्ये तो कडक केला. पूर्वी निळं स्टिकर असायचं, आणि सीटखाली सुटा प्लास्टिकचा डबा ठेवला तरी ते मिळून जायचं. आता गाडीत पक्कं बसवलेलं टॉयलेट लागतं, आणि पलंग अंथरलेला असतानाही ते वापरता आलं पाहिजे. शिवाय माणशी दिवसाला ४ लिटर या हिशेबाने तीन दिवसांचं पाणी, सांडपाण्याची टाकी, झाकणाची कचरापेटी. हे सगळं असेल तर हिरवं कार्ड. कार्डावर माणसांचा आकडाही असतो, तो गाडी ताब्यात घेतानाच वाचा. चार जणांना झोपायची सोय असली म्हणून कार्डावर चारच लिहिलेले असतील असं नाही. आमच्या कार्डावर सुदैवाने चार होते.

जागेचं ठरवते ती स्थानिक कौन्सिल, आणि प्रत्येक कौन्सिलचं पोटनियमांचं बाड वेगळं. एकीकडे अख्खं मैदान मोकळं, तर पुढच्या गावात फक्त आखून दिलेल्या चौकटी, त्याही मोजक्या, एकच रात्र आणि सकाळी ठरल्या वेळेला गाडी हलवायची. आणि मुख्य म्हणजे बोर्ड नाही याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही. मनाई नकाशावर असते, खांबावर असेलच असं नाही.

तर एका तळ्याकाठच्या गावात (नाव घेत नाही) आम्ही रात्री साडेआठला पोचलो. जानेवारीत तिकडे नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे वेळेचं भान सुटतं. चौकटी केव्हाच भरल्या होत्या. चौकटींच्या पलीकडे खडीचा पट्टा होता, चाळीसेक पावलांवर. कुठेही पाटी नाही. मेहुणा दोन्ही टोकांपर्यंत चालत जाऊन आला. "दाजी, काही नाही. लावा." लावली. पिठलं-भात केला, झोपलो.

पावणेसातला काचेवर टकटक. पिवळ्या जाकिटातली बाई, अगदी हसतमुख, "गुड मॉर्निंग" वगैरे. तिने आधीच नंबर प्लेटचा, काचेवरच्या कार्डाचा आणि आमच्या पडद्यांचा फोटो काढून ठेवला होता. हिरवं कार्ड आहे हे तिलाही दिसत होतं. ती म्हणाली, कार्ड ठीक आहे, पण ही जागा त्यात बसत नाही. ४०० डॉलर. भरायला २८ दिवस. मी पाटीचं विचारलं तर तिने फोनवर कौन्सिलचा नकाशा उघडला: आमची खडी लाल, चौकटी हिरव्या. वाद घालण्यासारखं काही उरलं नाही. बायको आतून एवढंच म्हणाली, "चहा तरी विचार त्यांना." ते काही मी केलं नाही.

गोष्ट इथे संपत नाही. नोटीस जाते गाडीच्या मालकाकडे, म्हणजे भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे. ती आपला क्रेडिट कार्डाचा नंबर धरून बसलेलीच असते. दंड तर कापलाच, वर "कागदपत्रांची हाताळणी" म्हणून आणखी ७५ डॉलर. एक ईमेल पुढे ढकलल्याचे पंचाहत्तर! ज्यांच्या माणसाने "लगाओ" सांगितलं, त्यांनीच. हे कलम करारात बारीक अक्षरात असतं. सही करण्याआधी ते शोधा आणि आकडा मोठ्याने विचारा.

असो. दोन दिवसांनी क्रॉमवेलजवळ डनस्टन तळ्याकाठी पोचलो. क्लाइडच्या धरणामुळे तयार झालेला हा जलाशय. काठाने सरकारी जमीन खात्याने फुकट मुक्कामाच्या रीतसर जागा ठेवल्या आहेत: लोबर्न, बेंडिगो वगैरे. रात्रींची मर्यादा आहे, फलक वाचा. आम्ही दुपारी तीनलाच गाडी लावली. गावातून आणलेल्या चेरी पाण्यात पाय सोडून खाल्ल्या. इथे कबूल करायला हवं, अख्ख्या प्रवासातली सगळ्यात सुरेख रात्र हीच, आणि हीच फुकट. त्या संध्याकाळी कोणी विचारलं असतं तर पैसे देऊन कॅम्पसाइटवर जाणाऱ्याला मी वेड्यात काढलं असतं.

शेजारी एक निवृत्त जोडपं होतं. बसचं घर केलेलं, छतभर सोलर पॅनेल. त्या आजी ठासून सांगत होत्या की त्या कॅम्पसाइटला दमडी देत नाहीत. मोटरहोमवाल्यांच्या देशव्यापी संघटनेच्या त्या सदस्य. तिचे एक लाखाहून जास्त सदस्य आहेत आणि सदस्यांसाठी तिच्या स्वतःच्या मुक्कामाच्या जागाही आहेत, नाममात्र दरात. याच संघटनेने क्वीन्सटाउनच्या कौन्सिलला कोर्टात खेचलं आणि २०२४ मध्ये हायकोर्टाने तिथली मुक्कामबंदीची नियमावली रद्द केली, हे त्यांनी स्वतःच खटला लढवल्यासारखं सांगितलं. त्यांचं म्हणणं साधं: आम्ही गावात पेट्रोल भरतो, भाजी घेतो, पाव घेतो. डांबरी तुकड्यावर आठ तास उभं राहण्याचे साठ डॉलर कशाला?

पलीकडे गाडीमागे कॅरॅव्हॅन ओढत आलेले एक शेतकरी होते, फक्त पोहायला थांबलेले, रात्री पैसे भरून गावातल्या कॅम्पवर जाणारे. ते उखडले. त्यांचा मुद्दा घरपट्टीचा. टेकापो ज्यात येतं त्या मॅकेन्झी जिल्ह्याची वस्ती पाच हजारांच्या आसपास, आणि तळ्यांवर येणारे पाहुणे त्याच्या कैक पट. संडास धुवायचे, कचरा उचलायचा, तो कुणाच्या पैशाने? आमच्या! आजी म्हणाल्या, माझ्या गाडीत संडास आहे. ते म्हणाले, तुमच्या आहे हो, पण झाडीत जाऊन या म्हणजे बाकीच्यांचं कळेल. मला दोघांचंही पटलं, पण जास्त त्या शेतकऱ्यांचं. मी झाडीत जाऊन आलो होतो.

मात्र दोघांच्याही भांडणात आपण बसत नाही. आजींच्या बसमध्ये मोठ्या बॅटऱ्या आणि सोलर. भाड्याच्या गाडीत एक मरतुकडी बॅटरी. तिच्यावर दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रिज चालतो. भिंतीतले प्लग फक्त बाहेरून वीज जोडली की चालू होतात, म्हणजे राइस कुकर, मिक्सर विसरा. डनस्टनवरच्या दुसऱ्या रात्री तीन वाजता फ्रिज कुईं कुईं करायला लागला. सकाळी दही गेलं, कणिक आंबली. दिवसातून तीन-चार तास गाडी पळवली असती तर बॅटरी भरली असती. पण मग तळ्याकाठी बसायचं कधी? त्यामुळे सलग दोन फुकट रात्री नकोतच. दुसरीला वीज हवीच.

पैसेवाल्या कॅम्पचंही कौतुक सांगत नाही. फलकावर भाव दोघांचा, बाकी दोघांचे वेगळे. विजेसकट चौघांचे आम्ही एका ठिकाणी १०८ डॉलर मोजले, आणि शेजारची गाडी इतकी जवळ की त्यांचं घोरणं कोणत्या कुशीवर चाललंय तेही कळावं. पण गरम पाण्याची अंघोळ, कपड्यांचं मशीन, मोठं स्वयंपाकघर. तीन दिवसांनी त्या गरम पाण्याखाली उभं राहिलं की १०८ डॉलर विसरायला होतात. ते आठवतात सकाळी.

मधला मार्ग म्हणजे तिथल्या निसर्ग संवर्धन खात्याचे कॅम्प. 'डॉक' म्हणतात सगळे. बऱ्याच ठिकाणी माणशी दहा ते वीस डॉलर, अगदी साधे काही फुकटही. माउंट कुकच्या पायथ्याचा व्हाइट हॉर्स हिल, पश्चिम किनाऱ्यावरचा लेक पारिंगा. वीज नाही, अंघोळ नाही, पण सात वाजता टकटक करायला कोणी येत नाही. माझं मत: दोन रात्री डॉक, एक रात्र विजेचा कॅम्प, हेच चक्र ठेवा. फुकट जागा फक्त चारच्या आत पोचत असाल तर, आणि कौन्सिलचा नकाशा त्याच दिवशी बघून. कॅम्परमेटसारख्या ॲपवर जागा दिसतात, पण लोकांच्या जुन्या शेऱ्यांवर जाऊ नका, नियम बदलत राहतात. पारिंगाला सँडफ्लाय नावाची काळी माशी आहे. घोटे झाका, दार उघडं टाकू नका. अंधार पडला की ती चावत नाही, तोवर सोसा.

टॉयलेटची पेटी रिकामी करणं कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. गाडीच्या बाहेरच्या झडपेतून पेटी ओढून काढायची, चाकांवरून डंप स्टेशनपर्यंत (घाण ओतायच्या ठरलेल्या जागेपर्यंत) न्यायची, नळीचं तोंड बाहेर वळवायचं आणि ओतताना हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरायचं. बटण दाबलं नाही तर आतून गुडुक-गुडुक करत उसळतं आणि थेट बुटांवर येतं. मेहुण्याचे बूट होकिटिकाच्या कचरापेटीत आहेत. पेटी धुवून निळं औषध घालायला विसरू नका. चौघांना ती दोन दिवसांत भरते, कार्ड तीन दिवसांचं असो वा तीसचं.

आणखी एक गुपचूप खर्च. पंपावर डिझेल स्वस्त दिसतं, कारण रस्त्याचा कर त्यात नसतो. तो किलोमीटरवर वेगळा लागतो: साडेतीन टनापर्यंतच्या गाडीला हजार किलोमीटरमागे ७६ डॉलर. गाडी परत करताना मीटर बघून वसूल करतात.

विमानतळावर भाजणी, मेतकूट, लोणचं सगळं अर्जावर जाहीर करा. लपवलेल्या खाण्याचा दंडही ४०० डॉलरच. या देशाला हा आकडा फार प्रिय दिसतो. आमची भाजणी त्यांनी हुंगून सोडली.

दंडाविरुद्ध दाद मागायची तर त्या २८ दिवसांतच कौन्सिलला लेखी कळवायचं, कंपनीला लिहून उपयोग नाही. आम्ही खडीच्या दोन्ही टोकांचे फोटो जोडून पाठवलंय. त्यामुळे जागा कोणतीही असो, गाडी लावल्या लावल्या चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा, वेळेसकट.