वेळास ते आंजर्ले : गाडी रस्त्याच्या टोकाला ठेवा, पुढे चालत जा

कोकणात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायची असतील तर मार्चसारखा महिना नाही. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन करत बागमांडल्याला यायचं आणि फेरीबोटीत गाडी चढवून वेश्वीला उतरायचं. सलग सुट्ट्यांना धक्क्यावर रांग लागते, शेवटच्या बोटीची वेळ आधी विचारून घ्या. बाणकोट मागे टाकलं की वेळास आलंच.

वेळासला गाडी गावात ठेवून किनाऱ्यावर चालत जायचं. राहायची सोय गावकऱ्यांच्या घरी. शनिवार-रविवारसाठी बरंच आधी फोन करा, रोख पैसे जवळ ठेवा. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, पण एखाद्या दिवशी अंडी राखलेल्या जाळीच्या कुंपणात टोपलीखाली एकही पिल्लू नसतं. म्हणून एक रात्र जास्तीची धरून जा.

इथला कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारा गावकरी, पहाटे उजाडायच्या आत सगळा किनारा पायी पालथा घालतो. मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या पायांनी दीड-एक फुटाचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू दाबून बसवते आणि परत जाते. मागे उरतो तो फक्त वाळूतला तिचा माग. त्या मागावरून घरटं सापडतं, मग अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात. "रात्री गाड्या फिरल्या की माग पुसतो. आम्ही शोधायच्या आधी कोल्ह्या-कुत्र्यांना अंडी मिळतात," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी केळशीकडून आडे, पाडले करत आंजर्ल्याला निघालो. समुद्राला खेटून जाणारा हा रस्ता फार सुंदर आहे, घाई करू नका. वाटेत एका किनाऱ्यावर उतरलो तर ओल्या वाळूत चाकांची गोलच्या गोल वर्तुळं. तिथून एक चाकोरी थेट वरच्या टेकाडावर गेलेली, मर्यादवेलीचे दोर तुटून उलटे पडलेले, मुळं उघडी. ही वेल वाळू धरून ठेवते म्हणून मागच्या नारळी-पोफळीच्या बागा टिकतात. चाकोरीची खोली मी हात घालून पाहिली. मनगटापर्यंत हात आत गेला. पिल्लू माझ्या तळहाताच्या निम्म्याएवढंही नसतं. ते त्या खाचेत पडलं की समुद्राकडे जायचं सोडून खाचेतच पुढे सरकत राहतं आणि ऊन चढलं की संपतं.

रीलसाठी वाळूत फोर बाय फोर फिरवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ऑलिव्ह रिडले कासव 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. त्याची अंडी नष्ट करणं हा गुन्हा आहे. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायलाच बंदी आहे. आपल्याकडेही तसंच व्हावं असं मला वाटतं, कारण आज गावकऱ्यांना स्वतःच उपाय करावे लागतात. त्याच किनाऱ्याच्या पाखाडीवर, म्हणजे खाली उतरणाऱ्या वाटेवर, कुणीतरी जांभ्याचे चिरे आडवे रचून वाट बंद केली होती. गाड्या अडल्या, पण जाळ्यांची हातगाडी घेऊन आलेल्या दोघा कोळ्यांना ती उचलून पलीकडे न्यावी लागली. गुडघे दुखणारी एक आजी चिऱ्यांपाशीच थांबली, तिने समुद्र लांबूनच पाहिला. चार जणांच्या मस्तीपायी सगळ्यांची वाट गेली.

चालायला जाणार असाल तर भरतीचा हिशेब तिथीवरून करता येतो : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप वर येतं. त्या दिवसांत ओहोटी लागल्यावरच लांब जा. ओली वाळू टणक दिसते म्हणून गाडी घालू नका. उभ्या गाडीच्या चाकाखालची वाळू पाणी परतताच सुटते, मग गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला झोपेतून उठवावं लागतं, आणि खारं पाणी गाडीच्या पोटात शिरतं ते वेगळंच.

रात्री टॉर्च लागलाच तर लाल कागद लावून, जमिनीकडे धरून वापरा. मादी दिसली तर लांबच थांबा, फ्लॅश मारू नका. ताजा माग दिसला तर त्याच्यावरून चालू नका. जागा लक्षात ठेवून लगेच गावात कळवा. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला सकाळी लवकर जा, दुपारी जांभा तापतो आणि अनवाणी पाय भाजतात.