मिस्ट्राल सुटला की जलरंग कसे हाताळायचे

आज दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या मार्सेयमध्ये मिस्ट्राल सुटलाय. रोनच्या खोऱ्यातून येणारा हा वारा थंड आणि कोरडा. आकाश लख्ख होतं, पण जलरंगाचे हाल. इथे कला शिकायला येणाऱ्यांनी मुंबई-कोकणच्या दमट हवेतली सवय विसरावी. तिकडे वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, सुकत नाही म्हणून वैतागतो, इथे ब्रश परत पाण्यात बुडवेपर्यंत रंगाची कड सुकून कडक झालेली असते.

उपाय सोपे आहेत. ३०० ग्रॅमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद दोन्ही बाजूंनी भिजवून बोर्डावर चिकटवा. रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे एक-दोन थेंब, जास्त नको, नाहीतर कागद चिकट राहतो. आकार ए४ पुरे. ईझलच्या (चित्राच्या तिकाटण्याच्या) मधोमध दगड भरलेली पिशवी लटकवा. छत्री अजिबात उघडू नका, ती ईझलसकट जाते!

दुसरी फसगत उन्हाची. कालांक म्हणजे मार्सेयजवळच्या समुद्रकाठच्या अरुंद खाड्या, तिथले चुनखडीचे कडे पांढरेफटक. कागदही उन्हात असला तर रंग फिके भासतात, आपण गडद करत जातो आणि खोलीत आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. म्हणून कागद सावलीत हवा. जून ते सप्टेंबर वणव्याच्या भीतीने तिथले रस्ते बंद होऊ शकतात, आदल्या संध्याकाळी बघून घ्या.

वारा फारच असेल तर सरळ शहरातल्या नोआय भागाच्या बाजारात जा. गल्ल्या अरुंद, आडोसा मिळतो. मगरेबी (वायव्य आफ्रिकेतल्या) मसाल्यांचे ढीग, पुदिन्याच्या जुड्या, कोमोरोस बेटांवरच्या बायकांचे रंगीत कपडे. छोटी वही आणि पेन्सिल बास. चेहरे काढायचे तर आधी विचारा, बऱ्याच जणांना ते आवडत नाही.