‘स्टेप ऑन इट’ म्हणजे नेमका कशावर पाय?

भरधाव गाडी चालवण्याबद्दलचे इंग्रजी वाक्प्रचार नुसते पाठ करू नका. त्यात गाडीचा कोणता भाग दडलाय ते बघा, म्हणजे ते कुठे चालतात आणि कुठे नाही हे आपोआप कळतं.

‘स्टेप ऑन इट’मधलं ‘इट’ म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर. अमेरिकेत ‘स्टेप ऑन द गॅस’ही म्हणतात, तिथे पेट्रोलला गॅसोलीन, थोडक्यात गॅस म्हणतात. ब्रिटनमध्ये त्याऐवजी ‘पुट युअर फूट डाउन’ ऐकू येतं आणि खरी फसगत इथेच होते, कारण ठाम भूमिका घेणं हाही त्याचाच अर्थ. ‘शी पुट हर फूट डाउन’ हे वाक्य हायवेवरचं असेल तर तिने वेग वाढवला; घरातल्या वादातलं असेल तर तिने साफ बजावलं. मागचंपुढचं वाचल्याशिवाय भाषांतर करूच नये.

‘पेडल टू द मेटल’मधलं मेटल म्हणजे गाडीचा पत्र्याचा तळ. पेडल तिथे टेकेपर्यंत दाबायचं. ‘फ्लोअर इट’चाही अर्थ तोच. वेग जरासाच वाढवला असेल, तर हे दोन्ही वापरू नयेत. मुदत जवळ आल्यावर सगळं बळ लावून काम करण्यालाही ‘पेडल टू द मेटल’ छान बसतं.

‘लेड फूट’ हा माणसाच्या सवयीबद्दलचा शब्द: पाय शिशाचा, म्हणून पेडलवरून उचलतच नाही. उच्चार ‘लीड’ नव्हे, ‘लेड’.

‘बर्न रबर’ मुळात निघण्याच्या क्षणाचं. जास्त ताकद दिली की चाकं जागच्या जागी फिरतात, रबर तापून धूर निघतो, रस्त्यावर काळे पट्टे उमटतात. घसरत्या टायरची पकड कमी होते, त्यामुळे गाडी खरं तर तितकी चटकन सुटत नाही; तरी वाक्प्रचारात अर्थ सुसाट निघण्याचाच. तासभर वेगात चाललेल्या गाडीला ‘फ्लॅट आउट’, म्हणजे पूर्ण वेगात, हे जास्त शोभतं. ब्रिटिश बोलीतलं ‘डूइंग अ टन’ मात्र नेमका आकडा सांगतं: ताशी 100 मैल, म्हणजे सुमारे 161 किलोमीटर.

टॅक्सीचालकाला ‘स्टेप ऑन इट’ म्हणणं हुकूम सोडल्यासारखं वाटतं. ‘वी आर रनिंग लेट’ पुरेसं आहे.

उलट अर्थाचं ‘टेक युअर फूट ऑफ द गॅस’ खेळांच्या समालोचनात खूप येतं. आघाडीवरचा संघ ढिला पडला, एवढाच त्याचा अर्थ.