तिसरं ब्लेड निळं पडल्यावर

विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या गारगोट्या कापायला लागून दीड महिना झाला. दोन ब्लेडं वाया घालवली, तिसऱ्यावर थोडी अक्कल आली.

सुरुवात मार्बल कटरने केली. ११० मिमीचं डायमंड ब्लेड (म्हणजे कडेच्या धातूत हिऱ्याचे कण बसवलेली पोलादी चकती), मिनिटाला १३,००० फेरे, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला ७५ मीटर. तापमान बघायला इन्फ्रारेड थर्मामीटर आणला. मशीन थांबवून चकचकीत पोलादावर रोखला तर आकडा मामुली आणि बोटाला मात्र चटका! चकचकीत धातूवर तो कमी दाखवतो; काळ्या मार्करचा पट्टा ओढल्यावर ताळ्यावर आला. तरी माझा भरवसा रंगावर जास्त. पोलाद गवती पिवळं झालं म्हणजे साधारण २२० अंश, निळं पडलं म्हणजे ३०० च्या आसपास. हिरे घासतात त्या टोकाला याहून बरंच जास्त असणार. हवेत ७००-८०० अंशांवर हिराही टिकत नाही.

दगड उष्णता फारशी ओढत नाही, त्यामुळे ती ब्लेडमध्येच शिरते. ब्लेड तापू नये म्हणून मी अगदी हलक्या हाताने दगड टेकवत होतो, आणि चूक तिथेच होती. गारगोटीत हिरे नुसते घासले की गुळगुळीत होतात, धरून ठेवणारा धातू झिजत नाही, मग नवे हिरे बाहेर येत नाहीत. करकर बंद होऊन शीळ वाजायला लागते. कडेवरून नख फिरवलं तर काचेसारखी लागली. सिमेंटच्या ब्लॉकमध्ये चार-पाच काप मारले, कड पुन्हा खरखरीत झाली.

पाण्याचाही घोळ होताच. त्या वेगात थेंब कापापर्यंत पोहोचतच नव्हते, सगळे माझ्या शर्टावर. एकदा तर तापलेल्या ब्लेडवर मगभर पाणी ओतलं. ते किंचित वाकलं, आता डुलतं.

आता जुनी अर्ध्या एचपीची मोटर टेबलावर बसवली आहे. २,८८० फेरे, म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेसोळा मीटर. ब्लेडची खालची कड ट्रेमधल्या पाण्यात बुडते. प्रत्येक हिरा आता दगडाचा जरा मोठा घास घेतो, घासत बसत नाही. राखाडी चिखल सतत निघतो, काप संपल्यावर ब्लेडला हात लावता येतो. धूळही उडत नाही. पण गारगोटी म्हणजे सिलिकाच, आणि सिलिकाची धूळ फुप्फुसात जाणं हा खरा धोका, म्हणून मास्क घालतोच. आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय मात्र पाण्याजवळ मोटर चालवू नका.

अंड्याएवढी, लाल पट्टे डोकावणारी एक गारगोटी राखून ठेवली आहे. डुलणारं ब्लेड बदललं की तीच घेणार.