गाळात गेलेलं बंदर

आयर्लंडमधल्या डब्लिनच्या कॉनोली स्टेशनातून हाउथ या बंदराच्या गावाला लोकल साधारण अर्ध्या तासात पोहोचते. फक्त पाटी वाचल्याशिवाय चढू नका. हाउथ जंक्शनला रुळांना फाटा फुटतो आणि दुसरी वाट मॅलाहाइडला जाते. हाउथसारखा तिथेही किल्ला आहे, म्हणून चुकलेल्या माणसाला चूक उशिराच कळते!

हाउथचे लांबलचक दगडी धक्के 1807 पासून बांधले गेले ते वेल्सच्या हॉलिहेडहून येणाऱ्या टपालबोटींसाठी. पण बंदरात गाळ साचत राहिला, बोटींचा आकार वाढत गेला आणि 1834 पर्यंत टपाल डब्लिनच्या उपसागराच्या दक्षिणेला, आजच्या डन लेरीला हललं. सरकारचा पैसा गाळात गेला, कोळ्यांचं मात्र फावलं. आज पश्चिम धक्क्यावर ओळीने मासळीची दुकानं आहेत आणि बोटी लागल्या की सील पाण्यातून डोकी काढून ताटकळतात. याच धक्क्याच्या टोकाशी 1821 मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज उतरला, त्याची पावलं दगडात कोरलेली आहेत. मान खाली घालून चाललात तरच दिसतील. पाऊस पडून गेला असेल तर त्यांत पाणी साचलेलं असतं. राजाची आठवण म्हणून एवढं पुरे.

स्टेशनातून उजवीकडे वळलं की दहा-बारा मिनिटांत किल्ल्याचं आवार येतं. दंतकथा अशी, की 1576 मध्ये ग्रेस ओ'मॅली ही दर्यावर्दी सरदारीण दाराशी आली, तर मंडळी दार लावून जेवायला बसलेली. तिने वारसदार पोरालाच पळवलं. यापुढे दार उघडं राहील आणि पंगतीत एक ताट जास्तीचं मांडलं जाईल, या अटीवर तो परत मिळाला. सेंट लॉरेन्स घराण्याने आठ शतकं सांभाळलेली ही मालमत्ता 2019 मध्ये विकली गेली. वाडा खासगी आहे, तेव्हा आत शिरायची आशा धरू नका. आवारातल्या कुठल्या वाटा खुल्या आहेत तेही आधी पाहून घ्या. ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं मे महिन्यात फुलतात. त्यांना ओलसर, आम्लधर्मी माती लागते, त्यामुळे तिथल्या पायवाटा कायम निसरड्या. कॅनव्हासचे बूट वाया जातात. झाडीत एडीनची समाधी नावाचं अश्मयुगीन दगडी थडगं आहे. वरची शिळाच सुमारे 70 टनांची, एका अंगाला कललेली.

समुद्रकाठच्या कड्यावरची सहा किलोमीटरची फेरी दोन तास खाते. वारा अंगावर घेत चढणं जिवावर आलं, तर एच3 बस थेट टेकडीच्या माथ्यावर सोडते. तिथून बंदरापर्यंत उतारच आहे.