पोवारचं पवार करू नका

आज १८ नोव्हेंबर. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा ६३ वा वर्धापनदिन. सकाळी मुख्य इमारतीसमोर ध्वज चढला, महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याला हार घातला आणि मग सगळे सभागृहात गेलो. या दिवशी गुणवंत शिक्षक आणि गुणवंत सेवकांचा सत्कार असतो. शेजारच्या विभागातल्या एका मामांचं नाव पुकारलं. मामा उठले, व्यासपीठाच्या पायरीपाशी थांबले, चपला काढल्या, जोडीनं कडेला लावल्या आणि मगच वर चढले. देवळात जाताना काढतो तशा.

मामी माझ्या शेजारी बसल्या होत्या. टाळ्या थांबल्यावर माझा हात दाबून म्हणाल्या, "पूर्ण नाव घेतलं की ओ ह्यांचं. वडलांच्या नावासकट."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कारण गेली २६ वर्षं मी नावांचंच काम करते. पदवी प्रमाणपत्रावर जे नाव छापायचं असतं, ते तपासायचं. अर्ज, गुणपत्रक, महाविद्यालयाकडून आलेली नोंद, सगळं समोर ठेवून एकेक अक्षर जुळवायचं. दर वर्षी पन्नास हजारांच्या घरात पदव्या दिल्या जातात. नोव्हेंबर उजाडला की आमच्याकडे दीक्षान्ताचे, म्हणजे पदवीदान समारंभाचे वारे सुरू होतात, आणि दीक्षान्त होईपर्यंत मला स्वप्नातसुद्धा आडनावं दिसतात.

वर्षभरात काय काय झालं ते आज सांगितलं गेलं. शोधनिबंध, पेटंट, सामंजस्य करार, खेळाडूंची पदकं, युवा महोत्सव. स्टॅनफर्डच्या जगातल्या आघाडीच्या दोन टक्के संशोधकांच्या यादीत आमच्या प्राध्यापकांची नावं येतात, त्याचाही अभिमान आहेच. २०२१ साली नॅकचा, म्हणजे विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेचा निकाल आला, ए प्लस प्लस आणि ३.५२ गुण, तेव्हा कोरोनाच्या दिवसांतही लोक मास्क लावून पेढे वाटत फिरत होते. तो आनंद खरा होता, मीही पेढा खाल्ला. पण मला विद्यापीठाचं वर्ष कळतं ते माझ्या टेबलावरच्या याद्यांतून. तिथं जे दिसतं ते व्यासपीठावरून सांगायला कुणाला वेळ नसतो, म्हणून इथं लिहिते.

अर्जात आईच्या नावाचा एक रकाना असतो. मी कामाला लागले तेव्हा त्या रकान्यात हौसाबाई, शेवंता, आक्काताई, सोनाबाई, बाळाबाई, गंगूबाई अशी नावं असायची. आता संगीता, वैशाली, मनीषा, शबाना, सुवर्णा. एक पिढी माझ्या डोळ्यांदेखत त्या एका रकान्यातून पुढं सरकली. चार-पाच वर्षांपूर्वी एक गंमतच झाली. एका मुलीच्या अर्जात आईचं नाव, गाव, आडनाव वाचून मला ते ओळखीचं वाटलं. जुनी नोंद काढून बघितली तर त्या आईची बी.ए.ची पदवी माझ्याच हातून गेली होती. आणि त्या आईच्या अर्जात तिच्या आईचं नाव होतं, हौसाबाई. हौसाबाईंना अक्षरओळख होती की नाही, मला माहीत नाही. त्यांची नात एम.एस्सी. झाली. त्या दिवशी मी डबा उशिरा खाल्ला.

आमचं विद्यापीठ निघालंच या माणसांसाठी. १९६२ च्या १८ नोव्हेंबरला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा देशावर चीनचं युद्ध होतं, आणि तीनच दिवसांनी यशवंतराव चव्हाणांनी दिल्लीत संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. अशा काळात कोल्हापूरच्या सागरमाळावर ८५३ एकर उघडी जमीन आणि पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. जुनी माणसं सांगतात, माळावर तेव्हा कुसळाशिवाय काही नव्हतं. आज सकाळी मी स्टँडवरून आले तर रस्त्यात दोन मोर आडवे गेले. मोरांसाठी गाडी थांबवायची, ही इथली रीतच आहे.

माझा थोरला भाऊ विद्यार्थी भवनात राहून शिकला. कमवा आणि शिका. गावात आमची दीड एकर कोरडवाहू, त्यात त्याला शहरात खोली करून देणं वडलांना शक्यच नव्हतं. तो विद्यापीठात काम करायचा, त्याच्यावर राहणं-जेवण निघायचं, आणि बाकीच्या वेळात वर्गात बसायचा. गावाकडं आला की तळहात दाखवायचा. आईला त्या घट्ट्यांचं वाईट वाटायचं. तो म्हणायचा, "आई, ह्याच हातानं पेपर लिवतोय मी." तो पुढं शाळेत शिक्षक झाला. आजही अर्जांच्या गठ्ठ्यात विद्यार्थी भवनाचा पत्ता दिसला की मी तो अर्ज दोनदा तपासते. नियम सगळ्यांना सारखाच आहे, पण हात थांबतो खरा.

आता पोवारचं सांगते.

कोल्हापुरात पोवार आहेत आणि पवारही आहेत. चौगुले आहेत आणि चौगलेही आहेत. मगदूम, मगदुम. ज्याचं जे आहे ते त्याचं. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, पोवार म्हणजे पवारचं गावठी रूप, चुकून तसं लिहिलंय. तो मोठ्या मायेनं दुरुस्त करतो. तशीच माझी 'दुरुस्ती' झाली होती. आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी दाखल करून घेताना पवार लिहिलं. वडलांना वाचता येत नव्हतं. घरच्या सात-बाऱ्यावर पोवार, रेशनकार्डावर पोवार, आणि मी दहावीपर्यंत पवार.

त्या एका कान्या-मात्रेनं काय केलं ते सांगते. नोकरीचा अर्ज भरताना कागद जुळेनात. कचेरीत विचारलं, "ही मुलगी ह्यांचीच कशावरून?" वडील कारखान्यावर ऊसतोडीच्या हंगामात रोजंदारीला जायचे. त्यांनी चार खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडाली. प्रतिज्ञापत्र झालं, शेवटी राजपत्रात छापून आलं तेव्हा कुठं मी कागदावर माझ्या बापाची लेक झाले. राजपत्राचं ते पान वडलांनी पत्र्याच्या पेटीत, सात-बाऱ्याच्या खाली जपून ठेवलं होतं. ते गेले तेव्हा पेटी उघडली, तर घडीवर विरलं होतं.

म्हणून मी आमच्याकडं नवीन येणाऱ्या मुलामुलींना पहिल्या दिवशी एकच सांगते, पोवारचं पवार करू नका. शुद्धलेखनाचं पुस्तक टेबलावरून काढून ठेवा. 'शितल' असेल आणि तिच्या सगळ्या कागदांवर 'शितल' असेल, तर तिची 'शीतल' करण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही. मराठीत एम.ए. केलेला एक मुलगा माझ्याशी तासभर वाद घालत बसला होता, की विद्यापीठानं अशुद्ध कसं छापायचं? मी त्याला राजपत्राची गोष्ट सांगितली. गप्प बसला. पुढं तोच सगळ्यात बारीक नजरेचा निघाला.

या याद्यांत आमच्या भागाचा सगळा नकाशा असतो. मुजावर, शिकलगार, जमादार, नाईकवडी, लोहार, सुतार, कुंभार, कांबळे, आवळे, घोरपडे, देसाई, आणि पाटील तर विचारूच नका. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं. चांगलं झालं, तिकडच्या पोरांना एवढ्या लांब यायची गरज राहिली नाही. पण त्यानंतरच्या याद्यांतून बिराजदार, यन्नम, बोल्ली ही नावं हळूहळू नाहीशी झाली, आणि मला खरंच चुकचुकल्यासारखं झालं. यन्नम हे नाव मी त्या याद्यांतच पहिल्यांदा वाचलं होतं.

२०१९ चा महापूर आठवला की अजून पोटात गोळा येतो. शहराला पाणी उपसून देणारी यंत्रणाच पुरात बुडाली, प्यायला पाणी नाही. तेव्हा विद्यापीठाच्या तळ्या-विहिरींचं पाणी शुद्ध करून टँकरनं शहरात गेलं. त्याच्या आधीची काही वर्षं आवारात पाणी अडवायची कामं चालली होती, ती त्या आठवड्यात कोल्हापूरकरांच्या घागरीत उतरली. उद्या मला कुणी विचारलं की विद्यापीठाची कामगिरी एका ओळीत सांगा, तर मी हे सांगेन.

पूर ओसरला आणि लोक आमच्याकडं यायला लागले. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची माणसं. कागद गेलेले. एक पन्नाशीचे गृहस्थ आले, प्लास्टिकच्या पिशवीत टॉवेल, टॉवेलात गुंडाळलेलं पदवी प्रमाणपत्र. लॅमिनेशन केलेलं. लोकांना वाटतं लॅमिनेशननं कागद टिकतो. कडेनं जरा जरी सुटलं तर पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. आत चिखलाची पिवळी रेघ उठली होती, शाई पसरली होती. सही गेलेली, वर्ष गेलेलं, नावातलं शेवटचं एक अक्षर तेवढं शिल्लक. ते म्हणाले, "मॅडम, घर पडलं, म्हस गेली. त्ये हुईल परत. ह्येचं काय करायचं ओ?" मी त्यांना डुप्लिकेटचा अर्ज दिला. लिहिताना त्यांचा हात थरथरत होता, म्हणून मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. नाव त्यांनी एकेक अक्षर फोडून सांगितलं. मी ते तसंच लिहिलं.

(तेव्हापासून भेटेल त्याला सांगते, पदवीला लॅमिनेशन करू नका. साध्या जाड फोल्डरमध्ये ठेवा, आणि एक स्कॅन काढून मुलांच्या फोनमध्ये टाका.)

नावाची अजून एक गोष्ट सांगायची आहे. ती माझ्या टेबलावरची नाही, तरी माझीच वाटते. २०२३ साली विशाळगडावर कंदीलपुष्पाची एक नवीन जात सापडली. न्यू कॉलेज आणि आमच्या विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्राच्या माणसांनी ती शोधली. डॉ. एस. आर. यादव सरांनी तर आख्खं आयुष्य या कंदीलपुष्पांना दिलंय. नाव ठेवलं सेरोपेजिया शिवरायीना. शिवरायांचं नाव, त्यांच्याच गडावरच्या फुलाला.

आपल्याकडची बरीच कंदीलपुष्पं सह्याद्री सोडून जगात कुठं सापडत नाहीत. त्यांच्यातलं एक फूल मी आवारातल्या वनस्पती उद्यानात अगदी जवळून बघितलंय. खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्यांची टोकं एकत्र जुळून कंदिलाच्या झाकणासारखी. वासाला भुलून बारीक माशी आत शिरते. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात, त्यामुळं आत जाता येतं पण माघारी फिरता येत नाही. माशी आत अडकते. मग केस कोमेजतात, वाट मोकळी होते आणि माशी पराग घेऊन दुसऱ्या फुलाकडं जाते. ज्या बाईंनी मला हे दाखवलं त्या फुलाशी इतक्या हळू आवाजात बोलत होत्या की मीही कुजबुजायला लागले. त्यांनी सांगितलं, "याचा कंद गुराखी पोरं खणून खातात. म्हणून झाडं कमी होत चालली." मी म्हटलं, आम्हीही लहानपणी माळावर असले कंद खाल्लेत. नाव माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "नाव माहीत असतं तर खाल्लं नसतं कदाचित."

दीक्षान्ताच्या आदल्या दिवशी शहरातून ग्रंथदिंडी येते, पालखीत पुस्तकं, पुढं लेझीम. दुसऱ्या दिवशी ज्ञानदंड घेऊन मिरवणूक निघते, राष्ट्रपती सुवर्णपदक, कुलपती सुवर्णपदक दिलं जातं, फोटो छापून येतात. मी त्या वेळी बाहेर मांडवात प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यांपाशी असते, आणि मला तीच जागा आवडते. प्रमाणपत्र हातात पडलं की मुलं आधी नाव वाचतात. वर्ग, विद्यापीठ, सही, सगळं नंतर. आई-वडील बरोबर असले तर मूल बोट ठेवून त्यांना दाखवतं. ज्यांना वाचता येत नाही तेही त्या बोटाकडं बघत राहतात. मी पुढच्याचं नाव पुकारते.

आज कार्यक्रम संपल्यावर परत टेबलाशी आले तर गगनबावड्याकडच्या एका मुलीचा फोन. अर्जात आईचं नाव चुकलंय म्हणाली. मी विचारलं काय चुकलंय? म्हणाली, "मी अनुसया लिहिलंय मॅडम, आईच्या आधारवर अनुसूया आहे. पण आई म्हणती माझं नाव अनसाबाई हाय."

मी तिला आईला फोन द्यायला सांगितलं. शेतात होत्या, वारा ऐकू येत होता. म्हणाल्या, "मला अनसाबाईच म्हणत्यात सगळी. पन पोरीचं काम अडाया नको. कागदावर हाय त्येच लिवा."

मी आधारवरचं नाव अक्षर फोडून त्यांना म्हणून दाखवलं. त्यांनी ते माझ्यामागून एकदा म्हटलं, मग अजून एकदा म्हटलं. मुलीला मी दुरुस्तीचा अर्ज कसा करायचा ते सांगितलंय. गुरुवारी ती स्वतः येणार आहे. आईलाही घेऊन ये म्हटलंय, मोर दाखवू.