अर्ध्या मिलिमीटरचा वाद

ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या डीव्हीडीची जागा घेऊ पाहणाऱ्या दोन प्रतिस्पर्धी तबकड्यांमधील लढतीचा विषय निघाला की चर्चा चित्राच्या दर्जावर येते, आणि माझ्या मते मुद्दा तिथेच हुकतो. दोन्ही तबकड्या ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या-जांभळ्या लेसरने वाचल्या जात, दोन्हींवर एमपीईजी-२, व्हीसी-१ आणि एव्हीसी याच तीन कोडेकमधले (चित्रण आटोपशीर साठवण्याच्या पद्धतींमधले) चित्रण चालत असे, आणि एकच चित्रपट दोन्हींवर नीट उतरवला असेल तर पडद्याकडे पाहून कोणती तबकडी आत आहे हे सांगणे भल्याभल्यांना जड गेले असते.

खरा वाद होता तो माहितीचा थर पृष्ठभागापासून किती खोल असावा, याचा. तोशिबा आणि एनईसी यांनी तो डीव्हीडीप्रमाणेच ०.६ मिलिमीटरवर ठेवला, तर सोनी, फिलिप्स, पॅनासॉनिक आदी कंपन्यांनी तो ०.१ मिलिमीटरवर आणला. वरचे आवरण पातळ असले की तबकडी किंचित कलल्याने किरणात येणारा दोष कमी होतो; म्हणून भिंगाचे न्यूमरिकल अपर्चर, म्हणजे ते किरण किती रुंद कोनातून एकवटते याचे माप, ०.६५ऐवजी ०.८५ ठेवता येते, प्रकाशाचा ठिपका आणखी बारीक होतो आणि एका थरात १५ऐवजी २५ गिगाबाइट माहिती मावते. या पातळपणाची किंमतही होती. एखादा ओरखडा थेट माहितीवर बेतेल या भीतीने जपानमधील २००३च्या पहिल्या ब्लू-रे रेकॉर्डरच्या तबकड्या कार्ट्रिजमध्ये बंद करून विकल्या जात. पुढे टीडीके या कंपनीने कठीण लेप विकसित केला, तेव्हा कुठे ते कार्ट्रिज सुटले. एचडी डीव्हीडीला यातले काहीच करावे लागले नाही, शिवाय डीव्हीडी बनवणाऱ्या यंत्रणेतच थोडेफार बदल करून ती काढता येत होती.

गंमत अशी, की याच दोन गटांनी १९९५मध्ये असाच वाद मिटवला होता. तोशिबाच्या बाजूची एसडी आणि सोनी-फिलिप्सची एमएमसीडी या दोन प्रस्तावित तबकड्या समोरासमोर उभ्या असताना आयबीएमसह संगणक कंपन्यांनी एकाच मानकाचा आग्रह धरला, ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवण्याची रचना एसडीकडून आली, ईएफएमप्लस ही माहिती तबकडीवर खुणांच्या रूपात उतरवण्याची संकेतन पद्धत एमएमसीडीकडून, आणि त्यातून डीव्हीडी उभी राहिली. २००५मध्ये पुन्हा बोलणी झाली आणि फिसकटली. यात अहंकार आणि पेटंटचा पैसा होताच, पण ०.१ आणि ०.६ यांच्या मधली कोणतीही जाडी दोघांपैकी एकाच्याही कामाची नव्हती, हे विसरता येत नाही.

माझा कल मात्र तेव्हाही एचडी डीव्हीडीकडे होता आणि आजही तो पुरता सुटलेला नाही. तिच्यावर रीजन कोडचे, म्हणजे एका प्रदेशातली तबकडी दुसरीकडच्या प्लेअरवर न चालण्याचे, बंधन नव्हते, प्रत्येक प्लेअरला नेटवर्कची जोडणी सक्तीची होती, आणि २००६मध्ये अमेरिकेत तोशिबाचा स्वस्त प्लेअर ४९९ डॉलरला मिळत असताना सॅमसंगच्या पहिल्या ब्लू-रे प्लेअरसाठी ९९९ डॉलर मोजावे लागत. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात सोनीचे प्लेस्टेशन ३ हे खेळयंत्र आले, आणि खेळांसाठी घेतलेले प्रत्येक यंत्र आपोआप ब्लू-रे प्लेअर ठरले. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्राला मात्र एचडी डीव्हीडी ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागे. ब्लू-रे यंत्रातच बसवण्याचा सोनीचा हा एक निर्णय मला इतर सगळ्या तांत्रिक युक्तिवादांपेक्षा भारी वाटतो.

ऑगस्ट २००७मध्ये पॅरामाउंट या चित्रपट कंपनीने फक्त एचडी डीव्हीडीची बाजू घेतली, तेव्हा पारडे फिरेल असे वाटले होते. पण ४ जानेवारी २००८ रोजी, तोवर दोन्हींवर चित्रपट काढणाऱ्या वॉर्नरने यापुढे फक्त ब्लू-रे असे जाहीर केले. फेब्रुवारीत तेव्हा तबकड्या भाड्याने देणारे नेटफ्लिक्स आणि दुकानांची साखळी वॉलमार्ट त्याच वाटेने गेले, आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार घेतली. पुढच्याच वर्षी तिने स्वतःचा ब्लू-रे प्लेअर बाजारात आणला. २०१६मध्ये आलेल्या अल्ट्रा एचडी ब्लू-रेची तीन थरांची १०० गिगाबाइटची तबकडीही त्याच ०.८५च्या भिंगाने वाचली जाते.